गच्चीवरची साडेसात मीटर तार ४० मीटर बँडवर ५० ओहमला आणताना

मुंबईतल्या बहुतेक सोसायट्यांच्या गच्चीवर हौशी रेडिओच्या ४० मीटर बँडचा पूर्ण डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेला दोन समान तारांचा अँटेना, बसत नाही. त्याला सरळ रेषेत वीस मीटर मोकळी जागा लागते. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, डिश, सोलर हीटर आणि पावसाळी पत्र्याची शेड यांतून एवढी जागा उरत नाही. उभी तार मात्र उभारता येते. आम्ही जी जुळवणी केली ती अशाच तारेची: फायबरग्लासच्या खांबाला बांधलेली साडेसात मीटर लांबीची पीव्हीसी आवरणाची तांब्याची तार, खाली गच्चीवर पसरलेले रेडियल, म्हणजे जमिनीचे काम करणाऱ्या तारा, आणि तारेच्या पायथ्याशी एक प्लास्टिकची डबी. तारेला रेडिओच्या ५० ओहमच्या केबलशी जुळवण्यासाठी त्या डबीत काय घालायचे, ते कसे ठरवायचे आणि ठरवताना कुठे फसगत होते, तेवढेच इथे सांगायचे आहे. सगळे आकडे ७.१ मेगाहर्ट्झसाठी, म्हणजे आपल्याकडच्या ७.० ते ७.२ या हौशी बँडच्या मध्यासाठी आहेत. प्रक्षेपणासाठी परवाना लागतो, हे वेगळे सांगायला नको.

७.१ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साधारण साडेदहा मीटर. आपली तार त्याहून बरीच आखूड, म्हणून ती पायथ्याशी कपॅसिटिव्ह दिसते, म्हणजे कंडेन्सरसारखी वागते. गणिताने रिॲक्टन्स, म्हणजे शक्ती न खाता प्रवाहाला होणारा विरोध, उणे (म्हणजे कपॅसिटिव्ह) अडीचशे ओहमच्या घरात येतो आणि रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे रेझिस्टन्समधला हवेत जाणाऱ्या शक्तीचा वाटा, पंधराच्या आसपास. बाकी जो रेझिस्टन्स मोजताना दिसतो तो जमिनीतला, म्हणजे इथे स्लॅबमधला, आणि कॉइलमधला तोटा. ही विभागणी शेवटपर्यंत डोक्यात ठेवावी लागते.

पहिला निर्णय जागेचा. ट्यूनर, म्हणजे जुळवणीचे उपकरण, खोलीत रेडिओशेजारी ठेवायचा की डबी तारेच्या पायथ्याशी बसवायची? खोलीत ठेवणे सोयीचे असते आणि बरेच जण तेच करतात. पण हिशोब पाहा. आमच्या तारेचा पुढे मोजून मिळालेला २६ ओहम रेझिस्टन्स आणि उणे २५० रिॲक्टन्स हा भार ५० ओहमच्या केबलला थेट जोडला तर तारेपाशी एसडब्ल्यूआर, म्हणजे न जुळण्याचे माप (१ म्हणजे पूर्ण जुळणी), सुमारे ५० होतो. गच्चीपासून खोलीपर्यंत वीस मीटर आरजी-५८ धरली, तर जुळलेल्या अवस्थेत तिच्यात या फ्रीक्वेन्सीला साधारण ०.७ डेसिबल तोटा असतो. एसडब्ल्यूआर ५० असताना तोच तोटा सात डेसिबलवर जातो. खोलीतून शंभर वॅट सोडले की तारेपर्यंत वीसच पोहोचतात, उरलेले केबल गरम करतात. त्यात वाईट म्हणजे खोलीतल्या मीटरला हे दिसत नाही. केबलमधल्या तोट्यामुळे परत येणारी लाट इतकी क्षीण होते की ५० चा एसडब्ल्यूआर खोलीत १० दिसतो. ट्यूनर तो सहज १ वर आणतो आणि सगळे ठीक आहे असे वाटते. म्हणून डबी पायथ्याशीच हवी.

सामानासाठी लॅमिंग्टन रोड, लोहार चाळ आणि नागदेवी या तिन्ही ठिकाणी जावे लागले. ५० ओहमची केबल, एसओ-२३९ सॉकेट, पीएल-२५९ प्लग, आयपी-६५ची डबी आणि सिल्व्हर मायका कंडेन्सर लॅमिंग्टन रोडला. १६ गेजची इनॅमल तार लोहार चाळीत किलोवर मिळते, आपल्याला तीन मीटर पुरते. स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट आणि वॉशर नागदेवीला. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतली दुपदरी गँग, म्हणजे फिरवून कपॅसिटी बदलता येणारा कंडेन्सर, मिळाली तर जरूर घ्यावी. दोन्ही पदर जोडले की प्रयोगासाठी हवी तेवढी बदलती कपॅसिटी हाताशी येते. चोर बाजारात ती अजून अधूनमधून दिसते. घेताना पाती हाताने फिरवून पाहा आणि मल्टिमीटरने शॉर्ट तपासा. एक पाते वाकलेले असले तरी ठरावीक कोनात शॉर्ट होतो.

टोरॉइड कोअरबद्दल, म्हणजे कॉइल गुंडाळायच्या कडीसारख्या गाभ्याबद्दल, सावधगिरी हवी. लाल रंगाची टी१३०-२ कोअर या कामाला उत्तम, २४ वेढ्यांत सव्वासहा मायक्रोहेन्री मिळतात. पण दुकानात लाल रंग दिलेली प्रत्येक कडी त्याच मिश्रणाची असेलच असे नाही. दहा वेढे घालून मोजावे. खरी टी१३०-२ असेल तर १.१ मायक्रोहेन्रीच्या जवळपास आकडा येतो. सात-आठ आला तर ती संगणकाच्या पॉवर सप्लायमधल्या पिवळ्या-पांढऱ्या कोअरच्या जातीची आहे, आरएफला, म्हणजे रेडिओ फ्रीक्वेन्सीला, निरुपयोगी. आम्ही शेवटी कोअरचा नादच सोडला आणि पाइपवर हवेची कॉइल गुंडाळली. जागा जास्त खाते, पण मिश्रणाची शंका उरत नाही, आणि वेढे दाबून-ओढून बारीक जुळवणी करता येते. टोरॉइडवर ही मुभा फार थोडी असते.

मोजण्यासाठी नॅनोव्हीएनए हे इम्पीडन्स (रेझिस्टन्स आणि रिॲक्टन्स मिळून) मोजणारे छोटे उपकरण वापरले. त्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कॅलिब्रेशन कुठे केले ती जागा. उपकरणाच्या तोंडाशी कॅलिब्रेट करून मग दोन मीटर केबल लावून तार मोजली, तर पडद्यावर दिसतो तो तारेचा इम्पीडन्स नसतो, केबलने फिरवलेला इम्पीडन्स असतो. म्हणून जी केबल मोजताना वापरायची ती आधी जोडायची आणि तिच्या दुसऱ्या टोकाला ओपन, शॉर्ट आणि ५० ओहमचा लोड क्रमाने लावून कॅलिब्रेशन करायचे. ६ ते ८ मेगाहर्ट्झ एवढाच पल्ला ठेवायचा, म्हणजे १०१ बिंदूंमध्ये दोन बिंदूंतले अंतर २० किलोहर्ट्झ पडते. उपकरण चालू करून दहा-पंधरा मिनिटे तापू द्यावे. भर दुपारी गच्चीवर कॅलिब्रेशन वाहते आणि पडदाही दिसत नाही. संध्याकाळी पाचनंतरचे काम चांगले होते. कॅलिब्रेशन झाल्यावर तोच लोड पुन्हा लावून पाहावा. रिटर्न लॉस, म्हणजे परत येणारी लाट पाठवलेल्या लाटेपेक्षा किती क्षीण आहे ते माप, ४० डेसिबलपेक्षा कमी दिसत असेल तर एखादा कनेक्टर सैल आहे.

मुंबईत आणखी एक अडचण येते. तार मोठी आणि शहर प्रक्षेपणाने भरलेले. मालाडला आकाशवाणीचे मध्यम लहरींचे प्रक्षेपक आहेत. पश्चिम उपनगरांत अशा ठिकाणांजवळ असाल तर तारेवर येणारा सिग्नल उपकरणाला गोंधळात टाकू शकतो. आलेख काटेरी दिसतो, मार्करचे आकडे स्थिर राहत नाहीत. तारेऐवजी लोड लावल्यावर आलेख गुळगुळीत होत असेल तर दोष उपकरणाचा नाही. उपकरणाची मोजणीची बँडविड्थ कमी करणे, सरासरी घेणे आणि गर्दी कमी असलेली वेळ निवडणे एवढे उपाय हाती असतात. लिफ्टची मोटर चालू असतानाचे वाचन सोडून द्यावे.

पहिले वाचन केले, तेव्हा रिॲक्टन्स उणे २५० च्या आसपास आला आणि तो विश्वासार्ह होता. रेझिस्टन्स मात्र नव्हता. कारण असे: या भारावर रिटर्न लॉस जेमतेम ०.३५ डेसिबल असतो. जवळजवळ सगळी शक्ती परत येते आणि उपकरणाला त्या परतलेल्या लाटेतली छोटीशी उणीव मोजायची असते. मोजमापात ०.१ डेसिबल चूक झाली तरी रेझिस्टन्स तीस टक्क्यांनी चुकतो. २६ च्या जागी १८ किंवा ३४ दिसू शकतात, आणि त्यावर केलेले गणित कितीही काटेकोर असले तरी व्यर्थ. इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये पहिलेच वाचन टाकून कंडेन्सर विकत घेणाऱ्यांचे काम इथेच बिघडते.

यावर उपाय म्हणजे टप्प्याटप्प्याने मोजणे. आधी फक्त कॉइल लावून रिॲक्टन्स शून्यावर आणायचा. तसे झाले की भार ५० ओहमच्या जवळ येतो, आणि तिथे हे उपकरण नेमके मोजते. तेव्हा जो रेझिस्टन्स दिसतो तो खरा.

त्यासाठी कॉइल मुद्दाम मोठी गुंडाळली. ४० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा पांढरा पीव्हीसी पाइप, त्यावर १६ गेजच्या तारेचे २० वेढे, दोन वेढ्यांत एका तारेएवढी फट. फट सारखी राहावी म्हणून तारेसोबत तेवढ्याच जाडीची नायलॉनची दोरी गुंडाळायची आणि शेवटी दोरी काढून घ्यायची. काळा पाइप टाळावा, त्यात कार्बन असतो. हवेच्या कॉइलचे सोपे सूत्र असे: सेंटिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग गुणिले वेढ्यांचा वर्ग, भागिले व्यासाची ४६ पट अधिक लांबीची १०२ पट, उत्तर मायक्रोहेन्रीत. व्यास तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत, म्हणजे इथे ४.१६ सेंटिमीटर. २० वेढ्यांची लांबी ६.४ सेंटिमीटर, त्यावरून ८.२ मायक्रोहेन्री येतात. १६ वेढ्यांचे ६.२. हातातल्या स्वस्त एलसीआर मीटरवर या आकड्यांची खातरजमा करू नये. ते मीटर काही किलोहर्ट्झवर मोजतात आणि एवढ्या लहान कॉइलला तिथे वाट्टेल ते उत्तर देतात. नॅनोव्हीएनएवरच ७.१ मेगाहर्ट्झला रिॲक्टन्स वाचावा.

इनॅमल खरवडण्याचे काम कंटाळवाणे असले तरी घाई करू नये. १४ व्या ते १८ व्या वेढ्यापर्यंत प्रत्येक वेढ्यावर, एकाच रेषेत न येता थोडे सरकवून, चार-पाच मिलिमीटर तांबे उघडे करायचे. मग क्रोकोडाइल क्लिपने टॅप, म्हणजे कॉइलवरची जोडणीची जागा, बदलत आलेख पाहायचा. पावणेपंधरा वेढ्यांच्या जवळपास रिॲक्टन्स शून्य झाला, म्हणजे गणित आणि तार यांचा मेळ बसला. या भागात एक वेढा वाढला की शून्याची जागा साधारण दीडशे किलोहर्ट्झ खाली सरकते. आपल्या तारेची लांबी थोडी वेगळी असेल तर वेढे वेगळे येतील, पण सरकण्याचे प्रमाण हेच राहील.

आता रेझिस्टन्स वाचला. गच्चीवर दोनच रेडियल असताना तो ४१ ओहम आला.

इथे थांबून नीट विचार करायला हवा. ४१ ओहम म्हणजे एसडब्ल्यूआर १.२, कंडेन्सरची गरजच नाही, डबी बंद करून खाली उतरावे असे वाटते. पण यातले प्रक्षेपित होणारे पंधराच आहेत, उरलेले २६ स्लॅब आणि कॉइल तापवतात. शंभरातले ३७ वॅट हवेत जातात. रेडियल वाढवत नेले, पाच-पाच मीटरचे आठ झाले, तेव्हा रेझिस्टन्स २६ वर उतरला. मीटरवरचा एसडब्ल्यूआर १.२ वरून १.९ झाला, म्हणजे दिसायला बिघडला. प्रत्यक्षात प्रक्षेपण ३७ वरून ५८ टक्क्यांवर गेले. पुढे आणखी चार रेडियल टाकून पाहिले, तेव्हा फरक एखाद्या ओहमचाच पडला, म्हणून आठांवर थांबलो. एसडब्ल्यूआर खाली आणणे आणि प्रक्षेपण वाढवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम डबी करते. दुसरे रेडियल करतात, आणि त्याला डबीचा पर्याय नाही. जितका वेळ कंडेन्सर शोधण्यात जातो त्याहून जास्त वेळ रेडियलना द्यावा, असे आमचे ठाम मत आहे.

रेडियल स्लॅबवर पसरलेले असताना त्यांची लांबी काटेकोर पाव तरंगलांबी असण्याची गरज नसते; स्लॅबमधल्या सळयांमुळे त्यांचा रेझोनन्स तसाही बिघडतो. मोजक्या लांब तारांपेक्षा पुष्कळ आखूड तारा बऱ्या. चायना मोझॅकवर खिळे ठोकू नयेत, वॉटरप्रूफिंग फुटते आणि सोसायटीशी संबंधही. कठड्याच्या कडेने नायलॉनच्या पट्ट्यांनी बांधून, ये-जा असते तिथे कडेला सारून भागते. पत्र्याची शेड असेल तर मोह होतो की तोच पत्रा जमीन म्हणून वापरावा. पत्रा पसरट असतो, कामही करतो, पण त्याचे सांधे हुकबोल्टने दाबलेले आणि गंजलेले असतात. वारा आला की रेझिस्टन्स उड्या मारतो, आणि गंजलेले सांधे डायोडसारखे वागून नको त्या फ्रीक्वेन्सी तयार करतात. पत्र्याला बोल्ट मारण्यापेक्षा आवरणाच्या तारा त्यावरून पसराव्यात. तारेचा पत्र्याशी कपॅसिटिव्ह संबंध आपोआप येतो.

आता कंडेन्सरचे गणित, आणि ते लहान आहे. तारेकडचा रेझिस्टन्स २६, केबल ५०. समांतर घटक नेहमी जास्त ओहमच्या बाजूला, म्हणजे इथे केबलकडे. क्यू म्हणजे ५० भागिले २६ मधून १ वजा करून आलेल्या संख्येचे वर्गमूळ: ०.९६. मालिकेत उरायला हवा तो रिॲक्टन्स २६ गुणिले ०.९६, म्हणजे २५ ओहम इंडक्टिव्ह. समांतर रिॲक्टन्स ५० भागिले ०.९६, म्हणजे ५२ ओहम. कॉइलला तारेचे २५० फेडून वर २५ द्यायचे आहेत. एकूण २७५ ओहम, ७.१ मेगाहर्ट्झला ६.१६ मायक्रोहेन्री. ५२ ओहमचा कंडेन्सर ४३१ पिकोफॅरड. व्यवहारात याचा अर्थ एवढाच: शून्य रिॲक्टन्सच्या टॅपपासून सव्वा वेढा पुढे जायचे आणि केबलच्या बाजूला कंडेन्सर लावायचा.

स्मिथ चार्टवर, म्हणजे इम्पीडन्स दाखवणाऱ्या वर्तुळाकार तक्त्यावर, हा प्रवास पाहायला सुंदर दिसतो. फिलिप स्मिथ यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेला हा तक्ता आज तीन इंची पडद्यावर थेट हलताना दिसतो, आणि अशा कामात त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. भाराचा बिंदू तक्त्याच्या उजव्या कडेला, मधल्या आडव्या रेघेच्या थोडा खाली, परिघाजवळ असतो. कॉइल वाढवत गेले की तो स्थिर रेझिस्टन्सच्या वर्तुळावरून तळाकडून डावीकडे वळत वर चढतो, मधली आडवी रेघ ओलांडतो आणि थोडा वर जातो. तिथून कंडेन्सर त्याला स्थिर कंडक्टन्सच्या वर्तुळावरून खाली, बरोबर केंद्रात आणतो. गँग फिरवताना बिंदू केंद्राजवळून जातो पण केंद्रात येत नाही, असे झाले तर कंडेन्सरशी झगडू नये. कॉइलचा टॅप चुकला आहे. केंद्राच्या डावीकडून गेला तर कॉइल पाव-अर्धा वेढा वाढवायची, उजवीकडून गेला तर कमी करायची.

गँगने जागा सापडली की गँग न हलवता काढून तिची कपॅसिटी मोजायची आणि तेवढे पक्के कंडेन्सर बसवायचे. चार १०० पिकोफॅरड आणि एक ३३, सगळे समांतर: ४३३. एकच मोठा कंडेन्सर न घेण्याचे कारण प्रवाह. शंभर वॅटला केबलवर ७१ व्होल्ट असतात, ५२ ओहममधून १.३६ अँपिअर जातात. पाचांत वाटले की प्रत्येकी फार तर एक तृतीयांश अँपिअर, आणि काहीच तापत नाही. ५०० व्होल्टचे सिल्व्हर मायका किंवा एनपीओ जातीचे सिरॅमिक घ्यावेत. एनपीओ डिस्कच्या माथ्यावर बहुधा काळा ठिपका असतो. साधे पॉवर सप्लायचे सिरॅमिक डिस्क अजिबात नकोत. ते तापतात आणि तापताना कपॅसिटी बदलते, त्यामुळे बोलता बोलता एसडब्ल्यूआर सरकत जातो.

कॉइलवर ताण जास्त असतो. २६ ओहममध्ये शंभर वॅट म्हणजे दोन अँपिअर. २७५ ओहमवर साडेपाचशे व्होल्ट आरएमएस, शिखर साडेसातशेच्या पुढे. कॉइलचा क्यू, म्हणजे तिच्या रिॲक्टन्सचे तोट्याच्या रेझिस्टन्सशी प्रमाण, २०० धरला तर तिचा तोटा सुमारे दीड ओहम, म्हणजे पाच-साडेपाच वॅट उष्णता. हवेशीर पाइपवर ती सहज निघून जाते. टॅप नक्की झाल्यावर उरलेले वेढे कापून टाकावेत. लोंबत ठेवलेल्या मोकळ्या टोकावर व्होल्टेज वाढते.

डबीची मांडणी गणिताइतकीच महत्त्वाची. आतल्या तारा दर सेंटिमीटरला साधारण १० नॅनोहेन्री देतात. १५ सेंटिमीटरची वाकडीतिकडी जोडणी म्हणजे जवळजवळ सात ओहम, आणि आपण २५ ओहमची जुळवणी करतो आहोत. म्हणून कंडेन्सर थेट सॉकेटच्या मागे, रेडियलचा बोल्ट त्याच्याशेजारी, कॉइल पलीकडच्या टोकाला आणि तारेचा बोल्ट सर्वांत वर. डबी प्लास्टिकची हवी. तारेचा पायथा लोखंडी कठड्याला किंवा पत्र्याला चिकटून असेल तर तिथे तयार होणारी २० पिकोफॅरडची छुपी कपॅसिटीसुद्धा चित्र बदलते: २६ चा रेझिस्टन्स १७ दिसू लागतो, २५० चा रिॲक्टन्स २०४, आणि कॉइलमधला प्रवाह वाढतो. कठड्यापासून फूटभर दूर गेले की प्रश्न मिटतो.

केबलच्या बाहेरच्या अंगाने प्रवाह परत जाऊ नये म्हणून डबीच्या लगेच खाली चोक लावला: एफटी२४०-४३ या फेराइटच्या कडीवर आरजी-५८चे १२ वेढे. याची परीक्षा सोपी आहे. उपकरण बॅटरीवर चालवून आलेख पाहत केबल हाताने धरा, हलवा. आलेख जागचा हलला तर केबल हीच एक रेडियल झाली आहे आणि तुमचे मोजमाप केबलच्या लांबीसकटचे आहे. चोक लावूनही हलत असेल तर रेडियल अपुरे आहेत.

सगळे बसवून झाल्यावर ७.१ ला एसडब्ल्यूआर १.१ च्या आत आला आणि दोन्ही कडांना, ७.० आणि ७.२ ला, १.७ च्या जवळ. तारेचा आणि कॉइलचा रिॲक्टन्स मिळून दर मेगाहर्ट्झला सुमारे १४० ओहम सरकतो, त्यावरून कडांचा हा आकडा आधीच काढता येतो. प्रत्यक्षात कडांना याहून खूप चांगला आकडा दिसला तर आनंद मानू नये. तोटा कुठे वाढला ते शोधावे.

शक्ती देताना पायऱ्यांनी जावे. ५ वॅट, मग २५, ५०, १००. प्रत्येक पायरीवर मिनिटभर सलग कॅरियर (आवाजाविना नुसती लाट) आणि एसडब्ल्यूआरवर नजर. हळूहळू सरकला तर काहीतरी तापते आहे, बहुधा कंडेन्सर किंवा शंकास्पद कोअर. एकदम उडी मारली तर ठिणगी पडते आहे, बहुधा तारेच्या बोल्टपाशी किंवा अर्धवट सोल्डर झालेल्या सांध्यात. १६ गेजच्या तारेला २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, ६० वॅटचे लागते. नाहीतर सोल्डर चमकत नाही, नुसते चिकटून बसते. रेडिओ बंद केल्याशिवाय डबीला हात लावू नये. तारेच्या पायथ्याशी पाचशे व्होल्टच्या जवळपास आरएफ असते आणि भाजलेले खोलवर जाते. तारेच्या वरच्या टोकाला त्याहून कितीतरी जास्त असते, म्हणून तिथे नायलॉनची दोरी, तारेचा तुकडा नव्हे.

मग पावसाळा. समुद्राकडून येणारी खारट दमट हवा बोल्टभोवतीच्या प्लास्टिकवर पातळ थर जमवते. तो थर २० किलोओहम इतका उतरला तरी २५० ओहमच्या भारावर तो मालिकेतल्या तीन ओहमसारखा वागतो. पंधराच्या रेडिएशन रेझिस्टन्सपुढे ही रक्कम लहान नाही. तारेच्या बोल्टखाली टेफ्लॉनचा जाड वॉशर घातला, तो डबीबाहेर छत्रीसारखा पुढे येईल एवढा मोठा. डबी पूर्ण हवाबंद करण्याच्या भानगडीत पडू नये. दिवसा तापते, रात्री थंड होते आणि ओलसर हवा कुठून तरी आत ओढतेच. तळाला तीन मिलिमीटरचे एक भोक ठेवले की साचलेले पाणी निघून जाते. वरच्या भोकांना एम-सील, सॉकेटवर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप, आणि केबलला डबीखाली एक झोळ, म्हणजे पाणी प्लगकडे न जाता झोळातून ठिबकते. तांबे आणि ॲल्युमिनियम थेट एकमेकांना लावू नये, मध्ये स्टेनलेस वॉशर घालावा. ओल्या तारेवर डिप, म्हणजे एसडब्ल्यूआर सर्वांत कमी असतो तो बिंदू, २०-३० किलोहर्ट्झ खाली येतो. तो सुकल्यावर परत जात नसेल, किंवा बँडच्या कडांचे आकडे सुधारलेले दिसत असतील, तर बोल्ट उघडून साफ करायची वेळ झाली.

याच जुळवणीचे दुसरे उत्तरही आहे, आणि मध्यम लहरींचा त्रास असलेल्या भागात आम्ही तेच सुचवू. मालिकेत २५ ओहम इंडक्टिव्ह उरवण्याऐवजी २५ कपॅसिटिव्ह उरवायचे: कॉइल २२५ ओहमची, ५.०४ मायक्रोहेन्री, त्याच पाइपवर साडेतेरा वेढे. केबलच्या बाजूला कंडेन्सरऐवजी ५२ ओहमची छोटी कॉइल, १.१७ मायक्रोहेन्री: २५ मिलिमीटरच्या पाइपवर त्याच तारेचे, तशीच फट ठेवून, आठ वेढे. कंडेन्सर विकत घ्यायचा प्रश्नच राहत नाही. एक मेगाहर्ट्झला ही छोटी कॉइल सात ओहमच्या जवळपास दिसते, त्यामुळे आकाशवाणीचा सिग्नल रेडिओत शिरण्याआधी बराच दबतो. शिवाय तार कायम जमिनीला जोडलेली राहते आणि मे महिन्यातल्या वळवाच्या ढगांखाली तिच्यावर साठणारा स्थिर विद्युतभार वाहून जातो. कंडेन्सरच्या मांडणीत त्यासाठी समांतर १०० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर वेगळा लावावा लागतो. उणीव एकच: कंडेन्सरची मांडणी हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रीक्वेन्सीच्या पटीतले नको असलेले सिग्नल, थोडे अडवते, ही अडवत नाही. रेडिओत चांगला फिल्टर असेल तर त्याने बिघडत नाही, घरी बनवलेल्या प्रक्षेपकाला मात्र आधी फिल्टर लावावा. दोन्ही कॉइल एकमेकींना काटकोनात ठेवाव्या, मध्ये निदान पाच सेंटिमीटर अंतर सोडून. विजा चमकू लागल्या की कोणत्याही मांडणीत केबल रेडिओपासून काढून ठेवायची.